ब्रोमॉइल मुद्रण : साधनांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्र ही कला की यंत्राची करामत, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रंगला होता. छायाचित्राला कलेचा दर्जा मिळावा म्हणून काही छायाचित्रकारांनी हाताने घडविता येणाऱ्या मुद्रणपद्धती जवळ केल्या. ब्रोमॉइल ही त्यांपैकी एक. नवशिक्यासमोरील साधननिवडीच्या प्रश्नातून हस्तकौशल्य व कारखानदारी यांचे नाते कसे उलगडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचा उगम

१९०४ मध्ये जी. ई. एच. रॉलिन्स यांनी इंग्लंडमध्ये तैलमुद्रण प्रचारात आणले. मात्र त्यासाठी चित्राएवढी मोठी निगेटिव्ह लागे. १९०७ मध्ये ई. जे. वॉल यांनी यावर उपाय सुचविला आणि सी. वेलबोर्न पायपर यांनी तो प्रत्यक्षात आणला. लहान निगेटिव्हवरून ब्रोमाइड कागदावर मोठी प्रत काढून मोरचूद, पोटॅशियम ब्रोमाइड व पोटॅशियम डायक्रोमेट यांच्या द्रावणात तिच्यातील चांदीची प्रतिमा फिकी केली जाई. जेथे चांदी अधिक, तेथे जिलेटिन अधिक कठीण होई. प्रत पाण्यात भिजविल्यावर उजळ भाग फुगून शाई नाकारीत. गडद भाग ती स्वीकारीत.

साधनांची निवड

हरणाच्या खुरासारखा तिरपा कापलेला कुंचला हे या पद्धतीचे ओळखचिन्ह ठरले. शाई घट्ट असावी लागे; ती पातळ केल्यास फिक्या छटांवरही बसे. म्हणून घट्ट शाईने आरंभ करून गरजेनुसार ती सैल करणे नवशिक्यास श्रेयस्कर होते. व्हिएन्नाचे एमिल मायर यांच्या १९१२ च्या जर्मन ग्रंथामुळे हे तंत्र पद्धतशीरपणे अभ्यासता आले.

तथापि निर्णायक साधन होते ते कागद. कुंचल्याची उणीव सरावाने भरून काढता येई, कागदाची नाही. जिलेटिनचा थर जाड, फुगणारा आणि वरच्या संरक्षक लेपापासून मुक्त असावा लागे. ओरखडे टाळण्यासाठी उत्पादकांनी असा कठीण लेप देण्यास सुरुवात केली, तेव्हा सामान्य ग्राहकाची सोय झाली. ब्रोमॉइलकाराची मात्र शाईच कागदावर नीट बसेना. योग्य कागद दुर्मीळ होत गेला आणि बदलत्या अभिरुचीबरोबर हेही पद्धतीच्या पीछेहाटीचे एक कारण ठरले.

निष्कर्ष

यंत्राच्या वर्चस्वाला उत्तर म्हणून पुढे आलेली ही कला कारखान्यात तयार होणाऱ्या कागदावरच उभी होती. कलावंताचे स्वातंत्र्य त्याच्या हाताइतकेच साधनांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. म्हणूनच कलेच्या इतिहासात कलाकृतींबरोबर साधनांचाही अभ्यास आवश्यक ठरतो.