माशांच्या उवा
माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा श्लेष्म, त्वचा व रक्त यांवर जगणारे कवचधारी परजीवी. हे कीटक नव्हेत; त्यांचे नाते झिंगे-खेकड्यांशी आहे. समुद्रात आणि गोड्या पाण्यात त्यांचे गट वेगळे असतात.

सागरी उवा कोपेपोडा गटातील कॅलिजिडी कुळात मोडतात. त्यांपैकी कॅलिगस प्रजातीच्या कपाळावर दोन चंद्रकोरी चूषके असतात, लेपिऑफ्थायरसला ती नसतात. मादी अंड्यांच्या दोन लांब माळा शरीरामागे बाळगते. भारतीय जातींचे सर्वांत भरीव वर्णन एन. के. पिल्लई यांच्या १९८५ च्या ग्रंथात आहे. तो भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने काढला. नॉर्वेच्या सामन-शेतीला या उवांनी इतके छळले आहे, की तेथे एका माशामागे सरासरी किती प्रौढ माद्या चालतील याची मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. बांगड्याच्या कल्ल्यांत सापडणारी नॉरिलेका इंडिका मात्र या कुळातील नाही. ती आयसोपोडा गटातील आहे, तरी बोलताना तिलाही ऊच म्हटले जाते.

गोडे पाणी या सागरी उवांना सोसत नाही. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातल्या चिखल्यासारख्या गावात त्या आढळणे शक्य नाही. मात्र हा जिल्हा तलावांचा. मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आणि बोड्यांत (लहान तळ्यांत) रोहू, कतला, मृगळ वाढवले जातात, आणि अशा कार्पसंवर्धनात उवेची जागा ब्रँकिउरा गटातील आर्गुलस घेते. भारतात तिची आर्गुलस सायमेन्सिस ही जाती विशेष उपद्रवी असून रोहूला तिचा त्रास सर्वाधिक होतो.

आर्गुलस चपटी, पारदर्शक, मसुराच्या डाळीएवढी असते. पोटाकडे दोन गोल चूषके व टोचणारी सुई असते. डोळे दोन, काळे व ठळक. जाळे ओढल्यावर ओल्या खवल्यांवरून सरकताना ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिने टोचलेल्या जागी लाल ठिपका पडतो आणि तेथून जिवाणू व बुरशी शिरतात. खरा घात त्यांचाच. ग्रस्त मासे अंग घासतात, उसळ्या मारतात, खाणे सोडतात आणि वाळत जातात. बोटुकली (बोटाएवढे पिल्लू) तर थोड्या उवांनीही दगावते.

नियंत्रणाची किल्ली अंडी घालण्याच्या पद्धतीत आहे. आर्गुलसची मादी अंडी बाळगत नाही. ती मासा सोडून दगड, बांबू, पाणवनस्पती अशा टणक पृष्ठभागावर ओळीने चिकटवते. उबदार पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात. म्हणून तळ्यात बांबूचे तट्टे उभे करावेत आणि अंडी फुटण्याआधी ते काढून उन्हात वाळवावेत. हा उपाय स्वस्त आहे, पण पाळी चुकली तर वाया जातो. उन्हाळ्यात कोरडी पडणारी बोडी हे काम आपोआप करते. मोठ्या मामा तलावात तसे होत नाही. त्याचे पाणी आधी धानाचे, मग मासेमारीचा ठेका घेतलेल्या धीवरांचे. केवळ उवांसाठी तो कोणी रिकामा करणार नाही. पोटॅशियम परमँगनेटचे स्नान बोटुकली सोडण्यापूर्वी टाकीत देता येते, अख्ख्या तलावाला नाही. जुन्या पुस्तकांत सुचवलेले गॅमेक्झेन वापरू नये; त्यातील लिंडेनवर भारतात बंदी आहे.

या उवा माणसाला लागत नाहीत. नीट साफ करून शिजवलेला मासा खाण्यास हरकत नाही. अंगभर डाग पडलेल्या माशाला बाजारात गिऱ्हाईक मिळणे मात्र कठीण.