बालकीर्ति आणि तिचें प्रौढपण

लहान वयांत मिळालेली कीर्ति ही बहुधा उसनी असते. मूल गातें, लोक टाळ्या वाजवितात, आणि त्या टाळ्यांचा पैसा दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटींत जाऊन पडतो. पुढें मिसरूड फुटतें, आवाज बदलतो, आणि कालच्या लाडक्या गायकाची आज कोणाला आठवणही राहत नाहीं. आमच्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांत अशीं किती मुलें आलीं आणि किती गेलीं, याचा हिशेब कोणींच ठेविला नाहीं. कांहीं मुलांची बालपणींची कीर्ति मात्र प्रौढपणींही टिकली, इतकेंच नव्हे तर वाढली. तें कसें घडलें आणि त्याचें मोल त्यांनीं काय दिलें, हें पाहणें बोधप्रद आहे.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरांत झाला. वडील लवकर वारले, घरांत दारिद्र्य आलें, आणि अगदीं कोवळ्या वयांत या मुलाला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत जावें लागलें. देवलांचें ‘संगीत शारदा’ नाटक १८९९ मध्यें रंगभूमीवर आलें होतें. त्यांतील नायिका म्हणजे पैशासाठीं म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधली जाणारी अल्पवयी मुलगी. ही भूमिका करणारा केशवही अजून मुलगाच होता, आणि तोही घरच्या विपत्तीमुळेंच परक्यांच्या हातीं आलेला होता. त्या भूमिकेंतील त्याच्या गाण्यानें त्याचें नांव गांवोगांव पोंचलें.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. पुण्यांत लहानग्या नारायणाचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं ‘बालगंधर्व’ म्हणून त्याचें कौतुक केलें, अशी परंपरागत आख्यायिका आहे. इकडे १९०१ मध्यें भाऊराव कोल्हटकर निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीची नायिकेची जागा रिकामी झाली. १९०५ सालीं सतरा वर्षांचा नारायण त्या मंडळींत आला, आणि शकुंतलेच्या वेषांत प्रेक्षकांनीं त्याला पाहतांच ती जागा भरून निघाली.

येथवर दैवाचा आणि देवदत्त गळ्याचा भाग झाला. पण गोड गळा कांहीं जन्माची शिदोरी होत नाहीं. या दोघांनींही बालपणींच्या टाळ्यांवर संतुष्ट न राहतां पुन्हां विद्यार्थिदशा पत्करली. नारायणरावांना भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली. केशवरावांना रामकृष्णबुवा वझे यांची. मुलाचा आवाज निसर्ग देतो, तसा तो काढूनही घेतो. विद्या मात्र मिळवावी लागते आणि ती सहसा हिरावली जात नाहीं. बालकीर्ति टिकण्याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण मात्र कलेचें नसून व्यवहाराचें आहे, आणि त्याकडे आमचे रसिक लेखक फारसें लक्ष देत नाहींत. मंडळींतील बालनट हा पगारी नोकर. त्यानें कोणतें नाटक करावें, कोठें गावें, किती विश्रांति घ्यावी, हें ठरविणार मालक. १ जानेवारी १९०८ रोजीं केशवरावांनीं हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापिली. तेव्हां त्यांना अठरावें वर्ष चालू होतें. नारायणरावांनीं १९१३ मध्यें गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचें वय पंचवीस. पुढें किर्लोस्कर मंडळींतूनच बाहेर पडलेल्या मास्टर दीनानाथांनीं १९१८ मध्यें बळवंत संगीत मंडळी उभारली, तीही आपल्या सहकाऱ्यांसह आणि अठराव्याच वर्षीं. तिघांचा मार्ग एकच. पोरपणाची नोकरी टाकून स्वतःच्या गळ्याचे धनी होणें, हेंच त्यांचें खरें वयांत येणें होतें.

धनीपणाचीं फळें रंगभूमीलाही मिळालीं. वरेरकरांचें ‘हाच मुलाचा बाप’ हें हुंड्यावरील नाटक ललितकलादर्शनें १९१६ मध्यें रंगभूमीवर आणलें. त्याच वर्षीं गंधर्व मंडळीनें खाडिलकरांचें ‘स्वयंवर’ केलें आणि १९१९ मध्यें गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’. परंतु धनी होणें म्हणजे शेंकडों माणसांचें पोट आणि सावकाराचा तगादा अंगावर घेणें. नारायणरावांना उंची वस्त्रें, अत्तरें, उत्तम साथीदार यांवांचून नाटक करणें रुचत नसे. मंडळी कर्जांत बुडाली, आणि एकट्या गळ्याला तें कर्ज फेडावें लागलें.

या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत एकत्र आल्या. टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. ज्या टिळकांनीं एका मुलाचें कौतुक केल्याची आख्यायिका सांगतात, त्यांच्याच स्मृतीसाठीं तो मुलगा आतां स्वतःच्या मंडळीचा नायक म्हणून गात होता. या प्रयोगास पुरते तीन महिने होण्यापूर्वींच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय अवघें एकतीस. दीनानाथही १९४२ मध्यें, एकेचाळिसाव्या वर्षीं गेले. त्यांची मंडळी त्यापूर्वींच बुडाली होती. त्यांच्या पश्चात् संसाराचा भार थोरली मुलगी लता हिच्यावर पडला, आणि वयाच्या तेराव्या वर्षीं तिला चित्रपटांत नोकरी धरावी लागली. बापानें नोकरी सोडून मंडळी काढली. मुलीला पुन्हां नोकरीपासूनच आरंभ करावा लागला.

नारायणराव दीर्घायुषी झाले. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या बोलपटांत त्यांनीं एकनाथांची भूमिका केली. पण रसिकांना हवी होती ती भामिनी आणि रुक्मिणी. पन्नाशी उलटल्यावरही त्यांना तींच वस्त्रें नेसून उभें राहावें लागलें. त्यांत त्यांची स्वतःची हौस होती, गरज होती, आणि आपणां प्रेक्षकांचा हट्टही होता. कर्जापासून माणूस एकदां सुटूं शकतो. लोकांनीं मनांत कोरून ठेविलेल्या आपल्याच तरुण मूर्तीपासून सुटणें त्याहून कठिण. १५ जुलै १९६७ रोजीं ते वारले, तेव्हां एकोणऐशीं वर्षांच्या त्या वृद्धाचें नांव लोकांच्या तोंडीं ‘बाल’गंधर्वच होतें.

त्यांच्या नांवाचें रंगमंदिर १९६८ मध्यें पुण्यांत उघडलें. कोल्हापूरचें शाहूकालीन नाट्यगृह केशवरावांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें; ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, तें आगींत सांपडलें, तेव्हां शहर हळहळलें. मेलेल्यांचा गौरव करण्यांत आपण मागें राहत नाहीं. पण आज एखादें मूल गोड गातांना ऐकून आपण टाळी वाजवितों, तेव्हां त्याला पुढें विद्या कोण देणार, त्याच्या मिळकतीचा धनी कोण, आणि त्याला मोठें होण्याची मोकळीक आपण देणार कीं नाहीं, हे तीन प्रश्न आपण विचारावयास हवेत. या मुलांना त्यांचीं उत्तरें स्वतःच्या आयुष्यानें द्यावीं लागलीं.