कंदिलाची दुखणी आणि ओगलेवाडी

सध्या मुक्काम रायपूर. छत्तीसगडच्या कोरब्यात तयार होणारी वीज महाराष्ट्रापर्यंत जाते, तरी इथे वादळी पाऊस आला की आमच्या लाईनमध्ये अंधार होतो. पोरं मोबाईलचा टॉर्च लावतात. एलईडी बल्ब गेला तर तो फेकायचा, उघडून बघायची पद्धत नाही. म्हणून आज कंदिलाविषयी, कारण त्याचं दुखणं घरातल्या कोणालाही कळायचं.

काच काळी पडते? वात फार वर आहे किंवा वाकडी जळली आहे. वरचा जळका भाग कात्रीने सरळ कापायचा, कोपरे किंचित उतरवायचे. ज्योत फडफडते? बर्नरची जाळी काजळीने बुजली असेल किंवा रॉकेलमध्ये पाणी असेल. कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या नुसत्या दांड्या नव्हेत. ज्योतीला हवा त्यांतूनच मिळते. त्या चेपल्या की ज्योत मंदावते.

तिसरं दुखणं काच तडकण्याचं. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला, ज्योत एका बाजूला चाटली, की काच गेली. यातलं थोडं घरात सांभाळता येई. बाकीचं कारखान्याच्या हातात. घडवलेली काच भट्टीत हळूहळू थंड केली नाही तर तिच्यात ताण राहतो आणि ती लवकर फुटते. ते तंत्र शिकल्याशिवाय स्वदेशी कंदील टिकणार नव्हता.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकांनी एकेक पैसा देऊन, १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कराडजवळ, ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. तिथूनच ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. आम्ही साताऱ्याकडचे जवान सुट्टीवर जाताना कराड स्टेशनला उतरतो ना, ती हीच ओगलेवाडी.

स्वदेशी म्हणजे नुसता देशात बनलेला माल नव्हे. जो घरच्या बाईला कात्री, फडकं आणि चुलीतली राख घेऊन दुरुस्त करता येतो, तो खरा आपला. आजच्या दिव्यात उजेड भरपूर आहे, पण त्याची किल्ली आपल्या हातात राहिलेली नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!