तापणाऱ्या स्विचचा इतिहास

ट्रान्सफॉर्मर शिकवताना आपण विद्यार्थ्यांना बजावतो की, तो एकदिश प्रवाहावर चालत नाही. मग मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर खिडक्या हादरवणारा अँप्लिफायर कसा चालतो, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर? उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते.

१९३० साली अमेरिकेतील गॅल्व्हिन कंपनीने 'मोटोरोला' नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्यातल्या व्हॉल्व्हना शंभराच्या वर व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी असे ६ व्होल्टची. म्हणून आरंभी सुक्या बॅटऱ्यांचा वेगळा संच गाडीत बाळगावा लागे. पुढे त्याच दशकात 'व्हायब्रेटर' रूढ झाला. युक्ती विजेच्या घंटेचीच. एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह आलटून पालटून उलटसुलट सोडते. प्रवाह असा बदलता झाला की ट्रान्सफॉर्मरची तक्रार उरत नाही.

व्हायब्रेटर वारंवार जळत. संपर्कबिंदू सुटताना वेटोळ्यातला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, ठिणगी पडते. तिला आवर घालण्यासाठी दुय्यम वेटोळ्यावर एक कपॅसिटर जोडलेला असे. तो बिघडला की बिंदू काळे पडत. जाणते कारागीर म्हणूनच नव्या व्हायब्रेटरबरोबर तो कपॅसिटरही बदलत, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. नुसता व्हायब्रेटर बदलणाऱ्याकडे गिऱ्हाईक लवकरच परत येई.

१९५५ साली फिल्को कंपनीचा संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ क्रायस्लरच्या गाड्यांसाठी आला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचे १२ व्होल्ट पुरतात. व्हायब्रेटरची गरज संपली.

पण आवाजाची हौस संपली नाही. फळ्यावर मांडण्याजोगे हे गणित आहे. १२ व्होल्टवर साध्या मंडलातून स्पीकरला फार तर ६ व्होल्टचे शिखर मिळते. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये शक्ती होते ६ × ६ ÷ ८, म्हणजे साडेचार वॅट. दोन मंडले उलटसुलट जोडली तर १८ वॅट. शंभर वॅट हवे असतील तर सुमारे २८ व्होल्टचे शिखर हवे. म्हणजे पुन्हा ट्रान्सफॉर्मर आला, आणि पुन्हा स्विच आला. पट्टीचे काम ट्रान्झिस्टरच्या जोडीकडून करून घेणारे मंडल जॉर्ज रॉयर यांनी १९५० च्या दशकातच मांडले होते. आता ते काम मॉस्फेट करतात, सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरही मुठीत मावतो.

म्हसळ्याच्या बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात असाच एक अँप्लिफायर आमच्यासमोर आला. जळालेले चारही मॉस्फेट बदलले होते, तरी स्पीकर न जोडताही तो मिनिटभरात तापे. गणपती तोंडावर आलेले, टेम्पोवाला रोज चकरा मारी, आणि कारागिराने नव्या मॉस्फेटचे पैसे पदरचे घातलेले. आम्ही बॅटरीच्या तारेत हेडलाइटचा दिवा मालिकेत जोडला, म्हणजे प्रवाह मर्यादेत राहतो. दुय्यम बाजू सोडवून पाहिली, तापणे थांबेना. म्हणजे डायोडांवरचा संशय फिटला. एका बाजूची मॉस्फेटची जोडी चटका देत होती, दुसरी कोमट होती.

पूर्ण मिटलेला स्विच फारसा तापत नाही. २० अँपिअर प्रवाहाला ०.०२ ओहम रोध असेल तर उष्णता ८ वॅट. उघड्या स्विचमधून प्रवाहच नसतो. पण तो अर्धवट असताना ६ व्होल्ट आणि १० अँपिअर एकाच वेळी सोसले, तर ६० वॅट होतात. मॉस्फेटच्या गेटवर विद्युतभार साठतो. तो झटकन काढून घेतला नाही तर स्विच अर्धवट अवस्थेत रेंगाळतो. तो भार काढणारा एक चिमुकला ट्रान्झिस्टर मूळ बिघाडातच आतून तुटला होता. ऑसिलोस्कोपवर तापणाऱ्या बाजूच्या गेटची लहर उभी न उतरता घसरगुंडीसारखी उतरत होती. ऑसिलोस्कोप नसता तरी, बॅटरी सोडवून दोन्ही बाजूंचे तेच भाग मल्टिमीटरने ताडून पाहिले असते तर हा फरक कळला असता.

काही रुपयांचा तो ट्रान्झिस्टर बदलला. अर्ध्या तासानेही ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर हात ठेवता येत होता. खाऱ्या हवेने गंजलेला गाडीचा अर्थिंगचा बोल्ट तेवढा कानशीने घासून घ्यायला सांगितला.