ध्वनिवेग : मापन व अध्यापन
ध्वनितरंग माध्यमातून एका सेकंदात जेवढे अंतर जातात, त्यास ध्वनिवेग म्हणतात. कोरड्या हवेत ०° से. तापमानास तो सु. ३३१ मी./से. असून दर अंश सेल्सिअसला सु. ०.६ मी./से. इतका वाढतो. माध्यमिक शाळांत हा आकडा बहुधा पाठ करून घेतला जातो. तथापि तो सिद्धांत व प्रयोग या दोन्ही अंगांनी पक्का होण्यास जवळजवळ दोन शतके लागली.

इतिहास : सतराव्या शतकात मेर्सेन, गासेंदी इत्यादींनी दूरच्या तोफेचा उजेड व आवाज यांतील अवधी मोजून वेग काढला. न्यूटन यांनी १६८७ मध्ये हवेचा दाब व घनता यांवरून वेगाचे सूत्र मांडले. त्यावरून येणारे ९७९ फूट/से. हे मूल्य (१७१३) डरॅम यांच्या प्रयोगातील १,१४२ फूट/से. या मूल्यापेक्षा सु. एक सप्तमांशाने कमी होते. न्यूटन यांनी हवेच्या कणांचे आकारमान व बाष्प यांची गृहीतके जोडून ही तफावत भरून काढण्याचा प्रयत्न केला. खरे कारण लाप्लास यांनी १८१६ मध्ये दाखविले : संपीडन व विरलन इतक्या जलद होतात की, उष्णतेस बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. त्यामुळे न्यूटन यांच्या मूल्यास सु. १.१८ ने गुणावे लागते.

भारतात मद्रास वेधशाळेचे ज्योतिर्विद जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२०–२१ मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज व सेंट टॉमस माउंट येथील तोफांच्या साहाय्याने मापने केली. तापमान, दाब, आर्द्रता व वारा यांच्याही नोंदी ठेवल्याने ऋतुमानानुसार वेग बदलतो, हे त्यांतून दिसून आले.

अध्यापन : मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतील विज्ञानाध्यापनाचा प्रकल्प राबविला. ध्वनिवेगाचा पाठ तर प्रयोगशाळेवाचूनही देता येतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या गावी मोकळे मैदान व एक उंच भिंत पुरेशी होते. भिंतीपासून ८५ मी. अंतरावर उभे राहून, प्रत्येक टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीबरोबर पडेल अशा तालात टाळ्या वाजवाव्यात. दोन टाळ्यांमध्ये ध्वनी १७० मी. जातो. अशी २० अंतराळे ९.८ सेकंदांत झाल्यास वेग सु. ३४७ मी./से. येतो, २७° से.च्या सुमारास तो तेवढाच अपेक्षित असतो. रांगेत उभ्या मुलांनी एकमेकांस हलकेच रेटल्यास रेटा पुढे जातो, मुले मात्र जागीच राहतात. त्यावरून तरंगाची कल्पना स्पष्ट होते.

उत्तर पुस्तकातील आकड्याशी न जुळल्यास ते जुळवून लिहिण्याची विद्यार्थ्यांची प्रवृत्ती असते. न्यूटन यांनाही हा मोह आवरला नव्हता. तफावत तशीच नोंदवून तिचे कारण शोधावयास लावणे, हे या पाठाचे मुख्य प्रयोजन होय.