पुसलेल्या रेघेचे मोल

'धुळाक्षरे गिरवणे' असे आपण आजही म्हणतो. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि चुकले की हात फिरवून धूळ पुन्हा सारखी करायची. खोडरबर त्यानंतर पुष्कळ उशिरा आले. युरोपात शिसपेन्सिलीची रेघ पावाच्या तुकड्याने पुसत असत. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने एडवर्ड नेर्न यांच्याकडे मिळणाऱ्या रबराची नोंद केली. अर्ध्या इंचाच्या तुकड्याला तीन शिलिंग पडत!

श्रोतेहो, हलत्या चित्रांच्या सुरुवातीच्या काळातही पुसण्याला मोल होते. १९०६ साली अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन याने फळ्यावर खडूने चेहरे काढले. थोडे पुसायचे, थोडे नवे काढायचे आणि दर वेळी कॅमेऱ्यात एक चौकट टिपायची. आपले दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली. तिथे पुसायला रेघच नव्हती. काडी चुकीची सरकली, तर टिपलेली फिल्म वाया.

दरम्यान १९१४ मध्ये अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडची युक्ती काढली. मागचा देखावा एकदाच रंगवायचा आणि पात्रे वरच्या पारदर्शक तावावर काढायची. सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोनदा टिपले, तरी मिनिटाला सातशेवीस चित्रे लागतात. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, तेव्हा राम मोहन यांच्यासारखे तरुण हेच कष्टाचे तंत्र शिकले. पाश्चात्त्य स्टुडिओंत मात्र काटकसरीपोटी कितीतरी ताव धुऊन पुन्हा वापरले गेले. मूळ चित्रे त्या पाण्याबरोबर गेली. फाळक्यांच्याही बहुतेक फिल्म आज उपलब्ध नाहीत.

आता हे काम मोबाइलवरच्या अॅपमध्ये होते. त्यात साधारण दोन खोडरबरे असतात. एक बोटाखालचा रंग पुसते, तर दुसरे अख्खी रेघ उडवते. माझी सूचना तिसऱ्याची आहे. हे खोडरबर चित्रातून रेघ काढील, पण ती फिकट करून वेगळ्या थरावर तारखेसह जपून ठेवील. फाइल बंद केली तरी ती राहावी. हवी तेव्हा दिसावी, नको तेव्हा झाकावी.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमच्या महालातली चितारओळ पाहा. ओल्या मातीवर पाण्याचे बोट फिरवून मूर्तिकार नाकडोळे नीट करतो. आधीचा आकार मातीतच मुरतो. पण शेजारी बसलेल्या मुलाने तो पाहिलेला असतो. हात कुठे थांबला, का वळला, हे तो बघूनच शिकतो. अॅपवर एकट्याने शिकणाऱ्या मुलाला असा शेजार नाही. त्याला केवळ तयार चित्र दिसते. उस्तादाची पुसलेली रेघ त्याला पाहता आली, तर अर्धी शिकवणी तिथेच होईल.

कागद महाग होता, फिल्म महाग होती, म्हणून पूर्वी पुसून टाकणे भाग होते. आज एक रेघ साठवायला फारशी जागा लागत नाही. मग ती टाकून का द्यायची?