पाणी द्यायचं कसं? मुंबईहून लंडनला गेलेल्या पोलादाची गोष्ट

आजचा भाग एका फुटलेल्या सुरीपासून सुरू होतो. ती सुरी मीच फोडली.

झालं असं, की मला स्वतःच्या हातानं भाजी चिरायची सुरी बनवायची हुक्की आली. भंगारातून जीपच्या कमानपाट्याचा तुकडा आणला. व्हिडिओ बघून तो कोळशात तापवला आणि राखेत हळूहळू निवू दिला, म्हणजे मऊ पडतो. आठ दिवस कानशीनं घासून पातं काढलं. मग भर दुपारी अंगणात ते लालभडक केलं आणि थेट गार पाण्याच्या बादलीत बुडवलं. टिक्क! पात्याला उभी चीर.

ते पातं घेऊन मी आठवडी बाजारात गेले. तिथे एक घिसाडी जोडपं बसतं. मामा सांडशीनं लोखंड धरतात, मावशी घण मारतात. मावशींनी पातं उलटंपालटं केलं आणि एकच प्रश्न विचारला, “पोरी, रंग कुठं बघितलास? उन्हात का सावलीत?”

उन्हात! आणि तिथेच चुकलं होतं. उन्हात लोखंड लाल दिसेपर्यंत ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. म्हणून भट्टी सावलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात. मामा म्हणाले, “आणि कमानपाट्याला पाणी नको, तेल दे.”

आता हे ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली. तीच आज सांगायची आहे.

१७९४ साली मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर होता. त्यानं इथल्या एका पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पोलादाचं नाव वूट्झ. कन्नडमधल्या ‘उक्कू’ म्हणजे पोलाद या शब्दाशी त्याचं नातं जोडलं जातं. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यानं त्यावर निबंध वाचला, आणि शीर्षकातच लिहिलं, ‘मुंबईत बनणारं पोलाद’. पण मंडळी, या पोलादाच्या भट्ट्यांचा खरा मुलूख म्हणजे आजचं तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडू. तिथले कारागीर मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पानं घालून तोंड लिंपायचे, तासन्‌तास तापवायचे आणि सावकाश निवू द्यायचे. लाकडातला कार्बन लोखंडात मुरायचा, साधारण दीड टक्क्यापर्यंत. आपल्या कमानपाट्यात तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

लंडनला वूट्झच्या वड्या पोचल्या. पण त्या कशा तापवायच्या, हे सांगणारा माणूस काही सोबत गेला नाही. युरोपातल्या लोहारांना कमी कार्बनच्या लोखंडाची सवय. ते पांढरंशुभ्र होईपर्यंत तापवायचं आणि घण घालायचा. वूट्झ तसं तापवलं की घणाखाली त्याचा चुरा! या पोलादाला मंद लाल आच लागते आणि हलक्या हातानं ठोकावं लागतं.

जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुरीकारानं मात्र चिकाटी सोडली नाही. पिअर्सनसाठी त्यानं वूट्झचा एक छोटा चाकू घडवला. पुढे त्याच्या दुकानाच्या कार्डावर छापलं होतं, की अनेक वर्षं तुलना करून तो युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षाही वूट्झ पसंत करतो. त्याच्याच जोडीला आला मायकेल फॅरेडे. हो, तोच विजेवाला! तो मुळात लोहाराचा मुलगा. १८१९ मध्ये त्यानं वूट्झचं पृथक्करण केलं आणि त्याचं रहस्य अ‍ॅल्युमिना आणि सिलिका यांत असावं असा अंदाज बांधला. अंदाज चुकला, कमाल कार्बनची होती. पण त्या शोधापायी दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये निबंध छापले. मिश्र पोलादाच्या अभ्यासाची ही सुरुवातीची पावलं.

म्हणजे बघा, माल जहाजानं जातो. हातातली अक्कल जात नाही, ती शेजारी बसूनच घ्यावी लागते. फॅरेडेसारख्या डोक्यालाही वाट चुकावी लागली, आणि मी तर फक्त व्हिडिओ बघितला होता!

तर पहिली सुरी करणाऱ्यांसाठी मामा-मावशींचा सल्ला. पाणी देण्याआधी धार काढू नका, कड नाण्याएवढी जाड ठेवा, नाहीतर वाकते. सावलीत तापवा. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडी आच, मग कोमट तेलात सरळ बुडवा. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी, कारण भडका उडतो. मग पातं घासून परत मंद तापवा, गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येईपर्यंत. घरच्या ओव्हनमध्ये म्हणाल तर २०० अंशांच्या आसपास. हे केलं नाही तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं.

माझी दुसरी सुरी टिकली. मूठ थोडी वाकडी आहे, पण टोमॅटो छान चिरते. दाखवायला गेले, तेव्हा मावशींनी नखावर धार बघितली आणि म्हणाल्या, “पाणीदार हाय.” मी विचारलं, हे काम पुढे कोण करणार? त्यांनी मुलाकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. “बघू,” म्हणाल्या, आणि घण उचलला.

तुमच्या बाजारातही असं कुणी बसत असेल. जा, विचारा, शेजारी बसा. भेटू पुढच्या भागात!